केबिन कुठली घ्यावी? जहाजातल्या खिडकीचा इतिहास आणि आपली वैनगंगा

आज मुंबईहून क्रूझचं तिकीट काढायला बसलं की पहिला प्रश्न येतो तो खोलीचा. साधारण चार पायऱ्या असतात. सगळ्यात स्वस्त ती आतली खोली, खिडकी नसलेली. त्यावर समुद्राकडे खिडकी असलेली. त्यावर स्वतंत्र बाल्कनी असलेली. आणि सगळ्यात वर स्वीट. जहाज एकच, जेवण बहुतेक तेच, मुक्कामाचं बंदरही तेच. तरी आतल्या खोलीतून बाल्कनीत जायचं तर बरेच पैसे जास्त मोजावे लागतात. हे जास्तीचे पैसे मुख्यतः कशाचे? देखाव्याचे.

आपल्याला हे इतकं सरळ वाटतं की यात काही इतिहास असेल असं मनातही येत नाही. पण जहाजावरच्या प्रवासी वर्गांचा अभ्यास करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. समुद्राचा देखावा भिंतीआड घालून, खोलीगणिक, सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकणं ही गोष्ट जेमतेम चाळीस वर्षांची आहे. त्याआधीची शंभर-सव्वाशे वर्षं लोक केबिनसाठी भांडत होते, जादा पैसे देत होते, ओळखी लावत होते. पण देखाव्यासाठी नाही. मग कशासाठी? आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या भंडारा जिल्ह्यातल्या माणसाने याचा विचार का करावा? दोन्ही प्रश्नांची उत्तरं या लेखात द्यायचा प्रयत्न करतो.

आधी सावली, मग समुद्र

इंग्रजीत ‘पॉश’ हा शब्द आहे. मराठीतही तो आता घरचाच झालाय: पॉश एरिया, पॉश हॉटेल. या शब्दाची एक कथा सगळीकडे सांगतात. पी अँड ओ कंपनीच्या जहाजांनी इंग्लंडहून हिंदुस्थानात येणारे बडे साहेब जाताना जहाजाच्या डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची केबिन घेत. जहाजी भाषेत डावी म्हणजे पोर्ट आणि उजवी म्हणजे स्टारबोर्ड. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार शब्दांची आद्याक्षरं जोडली की ‘पॉश’ होतो.

कथा झकास आहे, पण खरी नाही. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही आणि शब्दकोशकारांनी ही व्युत्पत्ती केव्हाच बाजूला ठेवली आहे. तरी मला ही खोटी कथा कामाची वाटते, कारण तिच्या पोटात एक खरी गोष्ट आहे. नकाशा समोर ठेवून बघा. सुएझहून जहाज तांबड्या समुद्रात उतरतं तेव्हा त्याचं तोंड दक्षिण-आग्नेयेकडे असतं. म्हणजे डावी बाजू पूर्वेकडे, उजवी पश्चिमेकडे. दुपारनंतरचं रखरखीत ऊन सगळं उजव्या बाजूच्या लोखंडावर पडतं. पुढे एडनहून मुंबईकडे वळलं की डावी बाजू उत्तरेला येते, म्हणजे सावलीत. परतताना सगळं उलट. १८६९ साली सुएझ कालवा सुरू झाला आणि प्रवासाचे दिवस कमी झाले, पण तांबड्या समुद्राचा उकाडा कमी झाला नाही. तेव्हा वातानुकूलन नव्हतं. पोर्टहोल, म्हणजे ती गोल खिडकी, उघडी ठेवता आली तर वारा. आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की तीही घट्ट बंद. केबिन म्हणजे मग तापलेला पेटारा.

म्हणजे केबिनची ‘चांगली बाजू’ ठरत होती ती सूर्यावरून आणि वाऱ्यावरून. समुद्र दोन्हीकडे सारखाच दिसत होता, त्याला कोण विचारतो?

या गरजेतून केबिनचा आकारसुद्धा बदलला. रंगूनला जाणाऱ्या बिबी लाइनच्या जहाजांवर एक युक्ती निघाली. आतल्या रांगेतल्या खोलीला बाहेरची भिंत नसते, मग खिडकी कुठून आणायची? त्यांनी आतल्या खोलीतून एक अरुंद बोळ काढून तो थेट जहाजाच्या कडेपर्यंत नेला आणि बोळाच्या टोकाला गोल खिडकी बसवली. खोलीचा आकार झाला एल अक्षरासारखा. या रचनेला पुढे ‘बिबी केबिन’ असंच नाव पडलं. बिछान्यावर पडून त्या बोळातून समुद्र काय दिसणार! दिसला तर एक उजेडाचा ठिपका. पण हवा यायची. खटाटोप हवेसाठी होता.

बोट लागते तेव्हा

दुसरी गोष्ट स्थैर्याची. ‘गाडी लागते’ तशी ‘बोट लागते’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे रूढ आहे आणि ज्याला बोट लागली आहे त्याला देखाव्याचं कौतुक सांगण्यात अर्थ नसतो.

जहाज दोन प्रकारे हलतं. एक, डावीकडून उजवीकडे डुलतं. दोन, नाक वर-खाली करतं. सी-सॉवर मधोमध बसलेल्याला फारसं काही जाणवत नाही आणि टोकावरचा वर-खाली होत राहतो, तसंच इथे. म्हणून जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हालचाल सगळ्यात कमी. वरच्या मजल्यावर टोकाची खोली म्हणजे पाळणा.

शिडाच्या जहाजांत मानाची जागा मागच्या बाजूला असे. मोठ्या खिडक्या तिथे, कप्तान तिथे. वाफेची जहाजं आली, मागे पंखा फिरू लागला आणि त्याच्या थरथरीने मागच्या केबिनांत झोप लागेना. १८७१ मध्ये पहिल्या सफरीवर निघालेल्या व्हाइट स्टार लाइनच्या ‘ओशनिक’ जहाजाने पहिला वर्ग उचलून जहाजाच्या मध्यभागी आणला. पुढे इतर कंपन्यांनीही तेच केलं. पहिला वर्ग मध्यात आणि त्याच्या मागे, पंख्याच्या अंगाला, दुसरा वर्ग, ही विभागणी हिंदुस्थानच्या मार्गावरच्या जहाजांवरही रुळली. वर्ग म्हणजे नुसत्या गाद्या-पडदे नव्हेत. वर्ग म्हणजे इंजिनापासूनचं अंतर, पंख्यापासूनचं अंतर, उन्हापासूनचं अंतर. नको असलेल्या गोष्टीपासून जितकं दूर, तितकं तिकीट महाग.

१८८३ च्या एप्रिल महिन्यात दोन मराठी बायका अशा जहाजांवर चढल्या. ७ एप्रिलला आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, आणि त्याच महिन्यात पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन मुंबईहून इंग्लंडला. आनंदीबाई जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. रमाबाईंच्या प्रवासाचं वर्णन ‘इंग्लंडचा प्रवास’ या नावाने त्याच वर्षी छापलं गेलं. या दोघींच्या बाबतीत ‘केबिन कुठली’ या प्रश्नाला आणखी एक पदर होता: खाणं काय, शेजार कुणाचा, आणि समुद्र ओलांडल्याबद्दल गावात काय बोललं जाणार. त्या काळच्या हिंदू प्रवाशासाठी, त्यातही बाईसाठी, खिडकीच्या बाहेर काय दिसतं यापेक्षा दाराच्या बाहेर कोण आहे हा प्रश्न मोठा होता.

पुढे सत्तेचाळीस वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९३० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ जहाजाने निघाले. हे जहाज १९२९ चं, पी अँड ओचं तेव्हाचं सगळ्यात नवं आणि दिमाखदार. त्याच्या पहिल्या वर्गात सगळ्या केबिन एकेकट्याच्या होत्या आणि आत पोहण्याचा तलाव होता. तेव्हा चैन म्हणजे एकांत. बाल्कनी नव्हे. (हेच बाबासाहेब १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.)

फुकटचा देखावा: डेकवरचे लोक

मग समुद्र खऱ्या अर्थाने पाहिला कुणी? ज्यांना केबिनच नव्हती त्यांनी.

डेक प्रवासी म्हणजे उघड्या किंवा ताडपत्रीखालच्या डेकवर पथारी टाकून जाणारा माणूस. हज यात्रेकरू, रंगूनला आणि आफ्रिकेला जाणारे मजूर, कोकणातले चाकरमानी. सरकारी भाषेत त्यांना ‘अनबर्थ्ड पॅसेंजर’ म्हणत, म्हणजे ज्याला झोपायला नेमलेली जागा नाही तो. त्यांच्यासाठी कायदे वेगळे. १८७६ मध्ये आणि पुन्हा १८८७ मध्ये ‘नेटिव्ह पॅसेंजर शिप्स’ असं नाव असलेले कायदे झाले. १९३१ मध्ये ‘सिमला नियम’ आले. माणशी जागा किती, पाणी किती, सुरक्षेची साधनं किती, असा हिशोब त्यांत असे. साहेबाच्या केबिनचा विचार सूर्य आणि वारा धरून व्हायचा आणि डेकवरच्या माणसाचा चौरस फुटांत.

१९३१ च्या ऑगस्टमध्ये एक उलटा प्रकार घडला. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी ‘राजपुताना’ जहाजाने निघाले. तिकीट दुसऱ्या वर्गाचं. पण त्यांचा बहुतेक वेळ गेला तो केबिनमध्ये नव्हे तर डेकवर. प्रार्थना तिथे, सूतकताई तिथे, झोपही तिथे. याकडे नेहमी साधेपणाचा दाखला म्हणून पाहिलं जातं, ते बरोबरच आहे. मला त्यात जहाजाच्या नकाशाचीही गोष्ट दिसते. उकाड्याच्या दिवसांत डेक ही केबिनपेक्षा खरोखरच बरी जागा होती. फक्त प्रतिष्ठेची नव्हती.

मात्र डेकचं फार कौतुक करायला नको. कोकण किनाऱ्यावरच्या बोटींचा अनुभव समोर ठेवावा. मुंबई ते गोवा बोटी १९८० च्या दशकापर्यंत चालत होत्या. लोअर डेक आणि अप्पर डेक हे शब्द कोकणात घरोघरी ठाऊक होते. आधी चढायचं, वळकटी पसरायची आणि जागा धरायची. बंदरात धक्का नसेल तिथे लहान होडीतून मोठ्या बोटीवर चढायचं. चांदण्या रात्री किनाऱ्याचे दिवे बघत गेलेल्यांच्या आठवणी सुंदर असतात. पण १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. उघड्या डेकवर देखावा फुकट होता, पण लाट आली की पहिली तिथेच येत होती.

बाल्कनी आली कुठून?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाल्कनी होती, पण अपवादाने: मोठ्या लाइनर जहाजांवरच्या एक-दोन अतिमहाग स्वीटना. मग दोन गोष्टी बदलल्या.

पहिली म्हणजे वातानुकूलन. यंत्राने थंड हवा मिळू लागली आणि खिडकीचं जुनं काम संपलं. खिडकी आता हवेसाठी लागत नव्हती. मग ती कशासाठी? बघण्यासाठी. दुसरी म्हणजे विमान. १९५० आणि ६० च्या दशकांत लांबच्या प्रवासाचे उतारू विमानाकडे गेले. जहाजाला कुठेतरी ‘पोचवणं’ हे काम उरलं नाही. ज्यांना कुठेच पोचायचं नाही, नुसतं फिरून परत यायचं आहे, असं गिऱ्हाईक शोधावं लागलं. त्याला विकायला जहाजाकडे होतं काय? समुद्रच.

१९८४ साली ‘रॉयल प्रिन्सेस’ हे जहाज आलं. इंग्लंडच्या राजकन्या डायना यांनी त्याचं नामकरण केलं. त्यातल्या झाडून सगळ्या केबिन बाहेरच्या बाजूला होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच केबिनना स्वतःची बाल्कनी. तिथून पुढे क्रूझ जहाजांचा आकारच बदलला. जुन्या लाइनरचा बांधा खाली रुंद आणि वर निमुळता. नव्या क्रूझचा बांधा अपार्टमेंटच्या इमारतीसारखा, बाल्कन्यांवर बाल्कन्या. ज्या वरच्या मजल्यावर बोट सगळ्यात जास्त लागते तिथेच सगळ्यात महाग खोल्या गेल्या. हालचाल कमी करायला जहाजाच्या बाजूंना पाण्याखाली पंख बसवले गेले. एका अर्थी जुना हिशोब पूर्ण उलटा झाला.

याच्यापुढची पायरी गमतीची आहे. २००९ साली आलेल्या ‘ओएसिस ऑफ द सीज’ या अजस्र जहाजात अशाही बाल्कन्या आहेत ज्यांतून समुद्र दिसतच नाही. त्या आत उघडतात, जहाजाच्या पोटातल्या बागेकडे. आणि २०११ च्या ‘डिस्ने ड्रीम’मध्ये आतल्या, बिनखिडकीच्या खोल्यांत गोल पडदे लावले. बाहेरच्या कॅमेऱ्यातलं चित्र त्यात दिसतं. बिबी केबिनच्या त्या बोळाची आठवण होते ना? तेव्हा आतल्या खोलीपर्यंत हवा ओढून आणली, आता चित्र.

आपल्याकडे २०१८ मध्ये मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही क्रूझ सुरू झाली, तेव्हा तिच्यात १०४ खोल्या होत्या. ज्या पाण्यावर दोन पिढ्यांपूर्वी वळकट्या पसरल्या जात होत्या, त्याच पाण्यावर. फक्त आता प्रवासी गावाला जात नव्हता. समुद्र बघायला जात होता.

तेव्हा कुणी विचारलंच की केबिन कुठली घ्यावी, तर इतिहास दोन उत्तरं देतो. बोट लागत असेल तर मधली, खालची घ्या. शंभर वर्षांपूर्वीचा शहाणा प्रवासी तीच घ्यायचा. आणि बाल्कनी घेणार असाल तर मार्ग आणि बाजू बघून घ्या. मुंबईहून गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला राहतो, सूर्य मावळतो उजव्या हाताला. येताना उलट. पैसे तेच, देखावा वेगळा.

आता वैनगंगेवर

हे सगळं भंडाऱ्यात बसून लिहिण्याचं कारण आहे. २०२४ मध्ये गोसीखुर्द जलाशयावरच्या जलपर्यटन प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. आंभोऱ्याला नदीवर केबलच्या आधाराचा पूल उभा राहिला आणि त्यावर उंच प्रेक्षक गॅलरी. म्हणजे ‘पाण्याचा देखावा’ नावाची वस्तू आपल्या जिल्ह्यातही विकायला येते आहे. बोटींचे, हाउसबोटींचे आराखडे ज्या दिवशी कागदावर उतरतील त्या दिवशी कुणीतरी खोल्यांच्या पायऱ्या ठरवेल: खिडकीची, बाल्कनीची, बिनखिडकीची.

म्हणून आधी विचारायला हवं, की त्या बाल्कनीतून दिसणार काय?

गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. पुढे तो हजारो कोटींत गेला. अडीच लाख हेक्टर सिंचनाचं उद्दिष्ट. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा. पवनी तालुक्यातल्या या धरणाला ३३ दरवाजे आहेत आणि त्यांच्या मागे साठलेल्या पाण्याखाली भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतल्या गावांच्या जमिनी, घरं, देवळं, मसणवटे आहेत. तिथली माणसं पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली आणि मोबदल्यासाठी, नोकरीसाठी, नागरी सुविधांसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करत राहिली. बाल्कनीतून पाणी निळं आणि सपाट दिसेल. त्या सपाटीखाली कुणाचं तरी अंगण आहे.

दुसरं, पाणी स्वतः. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. ते सगळं येऊन थांबतं धरणाच्या फुगवट्यात. भंडारा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न यातूनच चिघळला. एकोणिसाव्या शतकातला जहाज कंपनीचा हिशोब आठवा: नको असलेल्या गोष्टीपासून अंतर, हीच महाग केबिन. इथे वास येतो म्हणून पर्यटकांना पाण्याच्या स्वच्छ टोकाला नेता येईल. काठावरच्या गावांना कुठे नेणार?

तिसरं, पाण्यावर आधीपासून असलेली माणसं. डोंगा घेऊन पाण्यात उतरणारे आमचे ढीवर बांधव कितीतरी पिढ्यांपासून या नदीवर आणि जिल्ह्याच्या तलावांवर जगत आले. हा तलावांचा जिल्हा. इथले मालगुजारी तलाव, कोहळी समाजाने बांधलेल्या पाळी, त्यांतली मासेमारी, हे सगळं पाण्याशी असलेलं कामाचं नातं आहे. क्रूझचा प्रवासी ज्याला देखावा म्हणतो त्यात जाळं टाकणारा माणूस हमखास असतो. फोटो छान येतो. पण डोंग्यातून दिसणारी वैनगंगा ही देखावा नव्हे. तिथून पाण्याचा रंग बघून मासा कुठे आहे ते कळतं, आणि धरणाचे दरवाजे उघडले की नाही तेही.

मी प्रकल्पाच्या विरोधात लिहीत नाही. जिल्ह्याला रोजगार हवा आहे आणि पवनीसारख्या गावाकडे, जिथे १९६९-७० च्या उत्खननात दोन हजारांहून अधिक वर्षं जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, बाहेरच्या लोकांनी यावं असं कुणालाही वाटेल. पण जहाजाच्या इतिहासाचा अभ्यास एक गोष्ट शिकवतो. बोटीचा नकाशा हा समाजाचा नकाशा असतो आणि तो पहिल्या दिवशी, कागदावरच, ठरतो. कोण मध्यात, कोण पंख्याजवळ, कोण डेकवर, हे एकदा लोखंडात बसलं की पुढे तीस वर्षं हलत नाही.

म्हणून आराखडा होतानाच विचारायच्या गोष्टी अशा. बोटीवर सगळ्यांसाठी मोकळा, सावलीचा डेक असेल की सगळी कडा खोल्यांनीच व्यापून टाकलेली असेल? जिथे गावं बुडाली तिथून जाताना त्या गावांची नावं प्रवाशाला सांगितली जातील का? बोट चालवणारा, मार्ग दाखवणारा, मासळी पुरवणारा माणूस काठावरचा असेल का, आणि त्याच्या जाळ्याची जागा बोटीच्या मार्गातून वगळली जाईल का? आणि काठावरच्या गावातल्या शाळेतल्या पोरांना त्या बोटीत बसायला परवडेल असं एक तरी तिकीट असेल का?

‘डेक’ हा शब्द आपल्या जिल्ह्यात नवा असेल, पण नदी ओलांडायची सवय जुनी आहे. पूल होण्याआधी वैनगंगेवर घाटाघाटांवर नावा चालत. त्यात कोण आधी बसायचं, कोण उभं राहायचं, कुणाला शेवटच्या खेपेपर्यंत थांबावं लागायचं, याचेही नियम असणारच. ते कुठल्या गॅझेटियरात मिळत नाहीत, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात मिळतात. तुमच्या घरी कुणाला अशा नावेची, घाटाच्या लिलावाची किंवा कोकण बोटीच्या डेकवरच्या प्रवासाची आठवण असेल, तर ती लिहून ठेवा आणि जमलं तर मला कळवा. पुढचा लेख त्या नावांवर लिहायचा आहे.